थांबलेल्या गाडीचे तास



ट्रक ड्रायव्हरच्या कामाचे तास काटेकोर पाळले तर भाडं वाढेल आणि कांदा-टोमॅटो महागतील, असं ट्रान्सपोर्टवाले हमखास सांगतात. त्यात तथ्य आहे, पण थोडंच.

तासांचा नियम आपल्याकडे १९६१ पासून आहे; तेव्हा तो मोटार परिवहन कामगार कायद्यात आला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला त्या कायद्यात दिवसाला दहापर्यंत मुभा होती. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानं ९१व्या कलमात हेच तास मालवाहू गाड्यांच्या चालकांना लावले. आता हिशेब करा. ताशी सरासरी ४० किलोमीटर धरले, तर दहा तासांत ४००. मुंबई-दिल्ली सुमारे १,४०० किलोमीटर, म्हणजे चौथा दिवस उजाडणार. जादा दिवसाचा बोजा खरा आहे, कारण गाडी उभी असली तरी बँकेचा हप्ता आणि विमा थांबत नाही.

पण गाडी उभी राहते कुठे? गोदामाच्या दारात. भिवंडीला जाऊन पाहा. ड्रायव्हर पहाटे पोचतो, गेटवर नंबर लावतो, आणि दुपार उलटली तरी गाडी भरायला घेत नाहीत. पडावं म्हटलं, तर रांग सरकली की मागचा हॉर्न वाजवतो. उठून गाडी दहा फूट पुढे घ्यायची. केबिन तापलेली, संडासाची सोय नाही. माल भरून, ताडपत्री बांधून होईतो अंधार पडतो, आणि मालकाचा फोन येतो: सकाळपर्यंत धुळं ओलांडलं पाहिजे. समोर कसारा घाट.

कायद्यातली कामाच्या तासांची व्याख्या इथे तोकडी पडते. टर्मिनलवर नुसतं थांबून राहणं पंधरा मिनिटांच्या आतलं असेल, तरच ते कामात धरलं आहे. दिवसभर ताटकळलेल्या माणसाचा दिवस कागदावर सुरूच झालेला नसतो, आणि तोच माणूस मग रात्रभर गाडी चालवतो. २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं दगावली. डुलकीनं झालेल्या अपघाताच्या पंचनाम्यातही पुष्कळदा ‘ताबा सुटला’ एवढंच लिहिलं जातं. आदल्या दिवशीची रांग त्यात येत नाही.

म्हणून माझं मागणं असं: थांबण्याचा वेळ कामाच्या तासांत मोजा. दोन तासांपुढच्या प्रत्येक तासाचे हॉल्टिंगचे पैसे माल पाठवणाऱ्याकडून घ्या आणि त्यातला वाटा ड्रायव्हरला द्या. खिशाला चाट बसली की गोदामं वेळ ठरवून गाड्या बोलावतील. वाचलेल्या वेळात तीच गाडी महिन्याला जास्त फेऱ्या मारेल, हप्ता जास्त फेऱ्यांवर वाटला जाईल, आणि ड्रायव्हर झोपला तरी भाडं आवाक्यात राहील.

गाडी किती तास पळाली, याच्या पुराव्याचाही प्रश्न नाही. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा आहे. टोलनाक्या-टोलनाक्यावर गाडीची वेळ नोंदली जाते. आज अपघात झाला की गुन्हा ड्रायव्हरवर दाखल होतो. या नोंदी काढून, दुसरा ड्रायव्हर न देता सोळा-सोळा तास गाडी पळवायला लावणाऱ्या मालकालाही आरोपी करावं.