नजरेचा आकडा विचारून घ्या

डोळे तपासायचं शिबिर गावात आलं की काही बायका मागच्या दारानं सटकतात. विचारलं तर म्हणतात, "मला कुठं वाचता येतंय? तक्त्यापुढं उभी राहून हसं करून घेऊ होय?" म्हणून आज त्या तक्त्याबद्दलच बोलू.

हा तक्ता हॉलंडच्या स्नेलेन नावाच्या डॉक्टरांनी १८६२ साली काढला. त्यात शाळेची परीक्षा नाही. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी वेगळा तक्ता असतो. त्यावर तीन दात्यांच्या फणीसारखं एकच चिन्ह वेगवेगळ्या बाजूंना वळवून छापलेलं असतं. दाते वर आहेत, खाली आहेत, की डावी-उजवीकडे, एवढं हातानं दाखवायचं. तोंडसुद्धा उघडावं लागत नाही. तो तक्ता हक्कानं मागा.

आता कागदावर लिहितात ते ६/६, ६/१८ म्हणजे काय? विश्रामबागच्या चौकात तुम्ही एसटीची वाट बघताय. चांगल्या नजरेच्या बाईला गाडीची पाटी १८ मीटरवरून वाचता येते. तीच पाटी वाचायला तुम्हाला गाडी ६ मीटरवर यावी लागते. तुमची नजर झाली ६/१८. वरचा आकडा तुम्ही किती लांब उभ्या आहात तो, खालचा चांगल्या नजरेचा. हे काही मार्क नव्हेत. ६/१२ म्हणजे निम्मी नजर गेली असं नाही. सहा मीटर म्हणजे साधारण २० फूट. खोली लहान असली तर तीन मीटरवर आरसा लावून त्यातून तक्ता वाचायला लावतात.

एक डोळा झाकताना तळहात वापरा, पण डोळा दाबू नका. बोटांच्या फटीतून बघायचं नाही, डोळे बारीक करायचे नाहीत. बारीक केले की एखादी ओळ जादा दिसते आणि आकडा खोटा येतो. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासायचे ते यासाठी, की एक डोळा अधू झाला तरी दुसरा काम रेटून नेतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. आत्ताच एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघा.

कधी बारीक भोकाची काळी चकती डोळ्यापुढं धरतात. तिच्यातून जास्त दिसलं तर बहुधा चष्म्यानं भागतं. नाही दिसलं तर मोतीबिंदू, डोळ्याचा पडदा असं दुसरं कारण शोधावं लागतं.

लांबचं ६/६ असूनही सुईत दोरा जात नाही, ती चाळिशी. आपल्या भाषेनं चष्म्यालाच वयाचं नाव दिलंय! ती तपासायला जवळचं कार्ड वेगळं असतं. तेव्हा तुमचं काम काय ते जरूर सांगा. तासगावकडं द्राक्षाच्या घडांची विरळणी करणाऱ्या बायका मान वर करून काम करतात. दोन भागांच्या चष्म्यात जवळचा भाग खाली असतो, मग वरचा घड धूसरच दिसणार. त्यांना तेवढ्या अंतराचा एकेरी चष्मा लागतो. हे तुम्ही सांगितल्याशिवाय तपासणाऱ्याला कसं कळावं?

आणि ६/६ आलं म्हणजे डोळा निरोगी, असंही नाही. तक्ता फक्त मधली नजर मोजतो. काचबिंदूत बहुतेक वेळा आधी कडेची नजर जाते. साखरेच्या आजारात पडदा खराब होऊ लागला तरी सुरुवातीला सगळ्या ओळी वाचता येतात. साखर असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा बघून घ्या.

तपासणी झाली की कागद मागून घ्या. उजवा किती, डावा किती, चष्म्याशिवाय किती, चष्म्यासह किती, हे त्यावर असलं पाहिजे. नुसता चष्म्याचा नंबर म्हणजे नजर नव्हे. कागद रेशनकार्डाबरोबर ठेवा, पुढच्या खेपेला ताडून बघता येतं. मोतीबिंदू निघाला तर सरकारी दवाखान्यात ऑपरेशन मोफत होतं. पण एका डोळ्याची नजर अचानक कमी झाली तर शिबिराची वाट बघू नका, त्याच दिवशी सांगली किंवा मिरज गाठा.