खुरपणीच्या दिवसांत तान्हे मूल कोणाजवळ?



आज पिकाविषयी नाही, पण शेतीकामाविषयीच बोलायचे आहे. भातलावणी, खुरपणी, काढणी या दिवसांत अंगावर पिणारे मूल असलेल्या बायाही कामावर येतात. आई पिकात वाकलेली असते, तेव्हा ते मूल कुठे असते?

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मुंबईत परळ-लालबागला होता. तिथल्या कापड गिरण्यांत रत्नागिरी-सातारकडून गेलेली आपलीच माणसे राबत. गावी असताना आजी, आत्या, जाऊ, कुणीतरी मूल घेई. चाळीतल्या एका खोलीत तसे माणूस बहुधा नसे, आणि गिरणीत बाईचा सगळा दिवस जाई. मग मुलाला बाळगोळी द्यायची आणि कामावर जायचे. बाळगोळी म्हणजे अफूची गोळी. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाई डॉक्टरांनी १९२२ साली अहवाल दिला. त्यात गिरणी-कारखान्यांत काम करणाऱ्या बायांच्या १०० मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी लिहिले.

अफूने मूल झोपते, हे खरे. पण त्याची भूक मरते, श्वास मंदावतो, पोट साफ होत नाही. मूल दूध ओढत नाही म्हणून आईचे दूधही आटते. वरून शांत दिसणारे मूल आतून सुकत जाते. त्या आयांना मात्र मी बोल लावणार नाही. माया होती, रजा नव्हती आणि मूल धरायला माणूस नव्हते. बाळंतपणात कामगार बाईला पैसे देण्याचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली कौन्सिलात पाठिंबा दिला होता. पुढे १९४८ च्या कायद्याने मोठ्या कारखान्यांत पाळणाघरेही आली. बांधावर कुठले पाळणाघर?

म्हणून ही सोय आपणच करायची. दहा-बारा बाया कामाला लावाल तेव्हा एका जाणत्या म्हातारीला फक्त मुलांपाशी बसवा आणि तिची मजुरी खर्चात धरा. 'बसून मजुरी कसली?' असे कुणी म्हणेल. तान्हे पोर दिवसभर सांभाळून पाहा म्हणावे! मोठ्या बहिणीला त्यासाठी शाळेतून घरी ठेवू नका, तीही मूलच आहे. दर दोन-तीन तासांनी आईला पाजायला सोडा, त्याचा रोज कापू नका. झोळी सावलीत, जमिनीपासून उंच आणि पक्की बांधा. फवारलेल्या रानाजवळ मुले नकोत. फवारणीच्या औषधाला आईचा हात लागला असेल, तर साबणाने हात धुऊन, लुगडे बदलून मगच तिने मूल घ्यावे.

मूल निजावे म्हणून खोकल्याचे औषध पाजणे किंवा गुटीत जायफळ जास्त उगाळणे, हा बाळगोळीचाच प्रकार झाला. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. डॉक्टरांनी सांगितलेले औषध तेवढे द्यावे.

मूल हलवूनही जागे होत नसेल, दूध ओढत नसेल, श्वास मंद वाटत असेल, तर संध्याकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवा किंवा लगेच दवाखान्यात न्या. काय पाजले होते ते न लपवता डॉक्टरांना सांगा. बाटली असेल तर तीही बरोबर घ्या.