महानुभावांचे तेरा आम्नाय

महानुभाव पंथात शाखेला आम्नाय म्हणतात. परंपरा असे तेरा आम्नाय मोजते; आज ठळक उरले ते दोनच, उपाध्ये आणि कवीश्वर. मूळ सिद्धान्त सर्वांचा एकच. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे परमेश्वराचे पाच अवतार. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादि. मोक्ष देतो तो परमेश्वरच. देवतांच्या हाती तो नाही.

या शेवटच्या वाक्याची धार बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात नीट कळते. तलवाड्यात त्वरिता देवीचे ठाणे आहे. महानुभाव विचाराप्रमाणे ती देवता. आपल्या अधिकारापुरते फळ तिने द्यावे, पुढचे तिच्याकडे मागू नये. त्याच तालुक्यात गोदाकाठी पांचाळेश्वर आहे, पंथाचे आत्मतीर्थ. येथे पूज्य असलेले दत्तात्रेय एकमुखी आहेत. ब्रह्मा, विष्णू आणि महेश एकवटलेला त्रिमुखी दत्त घरोघरी पूजला जातो, पण हे तिघेही देवतांत मोडतात. तेव्हा ते रूप महानुभावांना पटणार कसे?

पंथाच्या आत वाद माजला तो मुख्यतः पाठावरून. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव हिंडून जमवल्या. तोच ‘लीळाचरित्र’ ग्रंथ. त्यांतली वचने केसोबासांनी सूत्रपाठात वेगळी काढली. पुढे दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग ज्याला जे मुखोद्गत, त्यावरून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. हिराइसेचा पाठ यांत प्रसिद्ध आहे. एकाच लीळेचे दोन-तीन पाठ पडले. अशा पाठभेदाला पंथात ‘वासना’ म्हणतात आणि पोथी लिहिणारे दुसरी वासना प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतात. इतका मोकळेपणा धर्मग्रंथांत क्वचितच आढळतो.

पोथ्या मात्र सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा बाहेरच्या अभ्यासकांना त्या वाचता आल्या. वाद तेथेही थांबला नाही. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ 1978 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यातील काही लीळा पंथीयांना आक्षेपार्ह वाटल्या. अस्सल पाठ कोणता, हा जुनाच प्रश्न या वेळी पंथ आणि संशोधक यांच्यात उभा राहिला.