मेगावॉट वाढले, दिवसाची लाईन कुठे आहे?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



विजेच्या बिलावर आपण पुष्कळ बोललो. आज बिलाच्या आधीची गोष्ट बोलू. वीज तयार किती होते, कुठे होते आणि तुमच्या डीपीवर ती कोणत्या वेळी येते?

पुढारी सांगतात, राज्याची स्थापित क्षमता इतके हजार मेगावॉट झाली. आपण टाळ्या वाजवतो. जिनिंगच्या फाटकावर पाटी असते, दिवसाला इतके क्विंटल. ती यंत्राची ताकद झाली. कापूस किती आला, रुई किती निघाली, कुणाच्या गाडीचा नंबर लागला, हे पाटी सांगत नाही. स्थापित क्षमता ही अशीच पाटी आहे.

आता ही पाटी कशी वाढली ते पाहा. १९१५ साली टाटांनी खोपोलीला वीजघर सुरू केले, ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. १९६० मध्ये राज्य झाले तेव्हा सगळी क्षमता साडेसातशे मेगावॉटच्या आसपास होती. १९६२ पासून कोयनेची वीज आली. मग आला कोळसा, आणि कोळसा म्हटला की आपला विदर्भ. १९७४ मध्ये कोराडी, १९८३ मध्ये चंद्रपूर. चंद्रपूर १९९७ पर्यंत २,३४० मेगावॉटवर गेले. आता जुने दोन संच मोडीत जाऊन आणि नवे दोन येऊन ते २,९२० मेगावॉट आहे. खाजगीत तिरोड्याला २०१२ ते २०१४ या काळात ३,३०० मेगावॉट उभे राहिले, अमरावतीजवळ नांदगावपेठेला १,३५०. तिथे पाणी गेले अप्पर वर्धाचे, जे धरण आपण ओलितासाठी समजत होतो. आज राज्याची क्षमता चाळीस हजार मेगावॉटच्या पुढे आहे, म्हणजे पन्नास पटींहून जास्त. कापसाच्या एकरी उताऱ्याची अशी एखादी रेघ कुणी मला दाखवावी.

या डोंगराएवढ्या विजेतून कोरडवाहू माणसाला लागते किती? मी शेतीशास्त्र शिकलो ते अशा वेळी उपयोगी पडते. आपल्याला उसासारखे बारमाही पाणी नको. पऱ्हाटी बोंडे भरत असताना पावसाने ताण दिला, तर एक-दोन ओलिते. रब्बी ज्वारी पोटरीत असताना किंवा दाणा भरताना एखादे. एका एकराला दोन इंच पाणी म्हणजे दोन लाख लिटर. पाच एचपीची मोटर साधारण विहिरीतून सेकंदाला दहा लिटर फेकते असे धरा. साडेपाच ते सहा तास लागतात. वीज जाते सुमारे पंचवीस युनिट. फक्त पंचवीस. एक मेगावॉट एक तास चालला की हजार युनिट होतात, म्हणजे चाळीस एकर. चंद्रपूरचे केंद्र पूर्ण ताकदीने एक तास चालले आणि वाटेतली गळती वजा केली, तरी लाखभर एकरांचे एक ओलीत निघते. एका तासात! विहिरीत पाणी हवे, ही अट आहेच. ती लढाई वेगळी.

तर मग तुटवडा कशाचा आहे? २००५ ते २०१२ पर्यंत खरोखर वीज कमी होती. खेड्यात बारा-बारा तास भारनियमन आपण सोसले. पण २०१५-१६ पासून अनेकदा उलटे झाले. केंद्रे तयार, घेणारे कमी, म्हणून संच बंद ठेवायचे आणि करारातला स्थिर आकार मात्र भरायचा. या रोगाची पहिली मोठी लागण दाभोळला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला. वीज घ्या की न घ्या, क्षमतेचे भाडे द्या, असा तो करार होता. दाभोळची बदनामी झाली, पण भाड्याची पद्धत गेली नाही. पाटी रंगवण्याचेही पैसे लागतात आणि ते दरातून वसूल होतात.

आणि रात्रीची लाईन का? साहेब म्हणतात नाइलाज आहे. नाइलाज कुणाचा, ते समजून घ्या. कोळशाचा संच रोज विझवून रोज पेटवता येत नाही. रात्री शहरे झोपली की मागणी पडते, तो खड्डा भरायला शेतकऱ्याची मोटर बरी. दिवसाची वीज कारखान्याला आणि दुकानाला, रात्रीची तुम्हाला. तुम्ही बॅटरी घेऊन सरी फोडता, साप-विंचवाच्या अंगावर पाय देता. अंधारात पाणी एका सरीत तुंबते, दुसरी कोरडी राहते. फ्यूज गेला तर वायरमन सकाळी.

पण आता हे कारणच उलटे होत चालले आहे, आणि आजची माझी खरी गोष्ट ही आहे. नवी क्षमता मोठ्या प्रमाणावर सूर्याची येते आहे. सूर्य रात्री वीज देत नाही. स्वस्त वीज आता दुपारी आहे, ओढाताण सूर्य मावळल्यावर आहे. म्हणजे आपली मोटर दिवसा चालवणे हे आता वीज कंपनीच्याही सोयीचे आहे. दिवसाची लाईन हे कुणाचे उपकार नाहीत. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. कृषी फीडर सौर प्रकल्पावर चालवायचा, अशी ती योजना. जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे, दरवर्षी ३ टक्के वाढ. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. कोरडवाहू एकर इतके निव्वळ देत नाही, म्हणून कुणी जमीन दिली तर मी त्याला नावे ठेवणार नाही. गायरान देताना मात्र ग्रामसभेने दोन गोष्टी विचाराव्यात. ढोरे चरणार कुठे, आणि ही वीज आमच्या फीडरला की पलीकडच्या?

एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत पाच वर्षे बिल माफ आहे. चांगले आहे, घ्या. पण ज्याच्याकडे कनेक्शनच नाही, त्याच्या पदरात त्या माफीचे शून्य रुपये पडतात. आणि मध्यरात्री फुकट आलेल्या लाईनने पातेगळ थांबत नाही.

म्हणून काम सांगतो. प्रत्येक गावाने एक वही करावी. १५ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर, आपल्या फीडरवर लाईन किती वाजता आली, किती वाजता गेली, तीन फेज होती का, डीपी जळाली तर किती दिवसांनी बदलली. शेजारी लिहा, पाऊस कधी थांबला. सबस्टेशनच्या नोंदीची नक्कल लेखी अर्ज करून मागा आणि दोन्ही ताडून पाहा. नोव्हेंबरच्या बैठकीला वह्या घेऊनच या. कार्यकारी अभियंत्याला आपण त्या दिवशी बोलावणार आहोत.