तीस दिवसांत नागरिकत्व

(अकोला व अमरावती जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांपुढे अमरावती येथे केलेल्या भाषणातील काही भाग)



बेकायदा शिरलेल्या परकीयाला परत पाठविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला असतो. तो आपण नाकारीत नाही. समोरचा मनुष्य परकीय आहे हे कोणी, कशाच्या आधारावर आणि किती दिवसांत ठरवावयाचे, हा आपला प्रश्न आहे.

1946च्या परकीय नागरिक कायद्याने ‘मी परकीय नाही’ हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच टाकला होता. 1 सप्टेंबर 2025 पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने जुने चार कायदे मोडीत काढले. हा भार मात्र जपून ठेवला. त्याआधी मे 2025 मध्ये केंद्रीय गृहखात्याने संशयितांच्या पडताळणीसाठी राज्यांना 30 दिवसांची मुदत घातली. आसाम सरकारने त्याच सप्टेंबरात 1950च्या एका कायद्याचा आधार घेऊन संशयिताला पुराव्यासाठी 10 दिवस पुरेसे ठरविले. चोरीच्या खटल्यातही पुरावा फिर्यादी पक्षाने आणावयाचा असतो. येथे देश गमावण्याची पाळी, आणि पुरावा आणावयाचा आरोपीने!

हा पुरावा वऱ्हाडातला गरीब माणूस कोठून आणणार? आपल्या मागच्या पिढ्यांची बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातून झाली. नोंद झालीच तर कोतवाल बुकात. तीत बापाचे नाव आणि पुढे नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. शाळेत घालताना गुरुजींनी अदमासाने एक तारीख लिहिली. दाखलखारीज रजिस्टरात एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, आधार कार्डावर तिसरे. सासरी गेलेल्या बाईचे तर नावच पालटलेले. फासेपारध्याची अथवा मेळघाटातून कामासाठी खाली उतरणाऱ्या कोरकूची गत याहून बिकट. कागदांचे हे दारिद्र्य धर्म पाहून येत नाही. संशय मात्र धर्म पाहून येतो, हे आपण स्पष्ट बोलले पाहिजे.

2023 मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा बदलला. विलंबित नोंदीचा आदेश देण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसुली अधिकाऱ्यांकडे आला. जन्मदाखल्याचे महत्त्व वाढले, त्यात 2019 पासूनची नागरिकत्वाची धास्ती होतीच. अर्जांची रीघ लागली. मग हे दाखले बांगलादेशीयांना वाटले गेल्याचा आरोप झाला, अकोल्याचे व अंजनगाव सुर्जीचे नाव वर्तमानपत्रांत गाजले आणि जानेवारी 2025 मध्ये राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. खोटे कागद जोडणाऱ्यावर आणि पैसे खाऊन सही करणाऱ्यावर खटला भरलाच पाहिजे. परंतु त्याच वर्षी नायब तहसीलदारांनी दिलेले दाखले रद्द करण्याचे आदेश निघाले. कारण काय, तर त्यांना तो अधिकारच नव्हता. चूक कचेरीची, आणि दाखला गेला रांगेत उभ्या राहिलेल्या बाईचा! उद्या तिच्या दारात 30 दिवसांची मुदत उभी राहिली, तर ती रद्द झालेला कागद दाखवील काय?

ही भीती कल्पित नाही. जून 2025 मध्ये मुंबई परिसरात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीयच असल्याचे निघाले आणि त्यांना परत आणावे लागले. त्यांच्यामागे एक राज्य सरकार उभे राहिले म्हणून ते परतले. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या एका प्रकरणात बजावले होते की, शासनाजवळ प्रथम काही ठोस आधार असल्याखेरीज हा भार कोणावर टाकता येत नाही. घटनेच्या 21व्या कलमातही शब्द ‘व्यक्ती’ असा आहे, ‘नागरिक’ असा नाही.

खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, असे सांगतात. खरे आहे. त्यासाठी न्यायाधीश वाढवा. सुनावणी कापू नका.

येत्या महिन्यात प्रत्येक तालुक्यातील साथींनी दाखला रद्द झालेल्या कुटुंबांची यादी करावी. कोतवाल बुकाच्या व दाखलखारीजच्या प्रमाणित नकला काढण्यास त्यांच्याबरोबर स्वतः कचेरीत जावे आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. यादीत मुसलमान वस्तीबरोबर पारध्यांचा बेडाही असला पाहिजे.