दुर्मीळ पक्ष्यांच्या शोधात

हिवाळ्याची चाहूल लागली की आपल्या देशातील तळी आणि नदीकाठच्या दलदली पाहुण्यांनी भरू लागतात. तलवार बदके, चक्रवाक, पट्ट कादंब हे पक्षी हिमालयापलीकडून येतात. ज्वारीची कणसे भरतात त्या सुमारास दख्खनच्या पठारावर भोरड्यांचे थवे उतरतात. या दिवसांत दुर्बीण गळ्यात अडकवून पहाटे बाहेर पडणाऱ्या मंडळींच्या मनात बहुधा एखाद्या दुर्मीळ पक्ष्याची आस असते. ती स्वाभाविकच आहे. परंतु श्रोतेहो, अशा सहलीचे फळ केवळ पक्षी दिसला की नाही यावरच मोजावयाचे काय? पक्षी न दिसल्याची प्रामाणिक नोंदही तितकीच मोलाची असते, असे भरतपूरचा इतिहास सांगतो.

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव हे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे पाणथळ अरण्य मुळात माणसानेच घडवलेले आहे. सखल जमिनीला बांध घालून पाणी अडवले गेले आणि संस्थानिकांनी तेथे बदकांच्या शिकारी भरवल्या. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा तेथील शिलालेखावर आजही वाचावयास मिळतो. म्हणजे या जागी पक्ष्यांची काटेकोर मोजणी प्रथम बंदूकधाऱ्यांनी केली, असे म्हणावयास हरकत नाही! पुढे सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे कार्यकर्ते पक्ष्यांच्या पायांत कडी घालू लागले आणि मोजणीचा हेतू पालटला.

या अरण्याचा सर्वांत नामांकित पाहुणा म्हणजे सायबेरियन क्रौंच. शुभ्र अंग, तांबडा चेहरा आणि उडताना तेवढी दिसणारी पंखांची काळी टोके. पश्चिम सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातून निघून, कझाकस्तान ओलांडून, अफगाणिस्तानातील आब-ए-इस्तादा सरोवरावर विसावा घेत हे पक्षी भरतपूरला येत. उथळ पाण्यात मान बुडवून चिखलातील कंद उकरणे हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. नर, मादी आणि दालचिनी रंगाचे एक पिल्लू असे कुटुंब पाण्याचा एक तुकडा आपला मानून राखीत असे. त्यामुळे त्यांची मोजणी सुलभ होती. तीन पक्षी दिसले तर एक पिल्लू प्रवास निभावून आले, दोनच दिसले तर त्या वर्षी पिल्लू नाही, इतके धुक्यातूनही कळत असे.

१९६४-६५ च्या हिवाळ्यात येथे सुमारे २०० क्रौंच मोजले गेले. त्यानंतर संख्या घसरत गेली. १९९२-९३ मध्ये ५ पक्षी आले आणि पुढील दोन हिवाळे कोणीच आले नाही. ते दोन हिवाळे पाहणाऱ्यांनी वाया गेले असे मानले असते, तर पुढची हकीकत कळलीच नसती. पुन्हा चार पक्षी परतले, तेव्हा त्या परतण्याचा अर्थ आधीच्या शून्यामुळेच समजला. २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडी आली. त्यानंतर भरतपूरला हा पक्षी आलेला नाही. वाटेवर, विशेषतः अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात, होणारी शिकार व पकड हे या ऱ्हासाचे मोठे कारण. मादी अंडी दोन घालते, पण सहसा एकच पिल्लू वाढते. अशा पक्ष्याला दरवर्षीची हानी भरून काढता येत नाही. आज या जातीचे बहुतेक सर्व पक्षी पूर्वेकडील मार्गाने चीनमधील पोयांग सरोवराच्या परिसरात हिवाळा काढतात.

नियमित नोंदींनी आणखी एक गोष्ट शिकवली, आणि ती अधिक कटू आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर भरतपुरात गुरे चारण्यास बंदी आली. त्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात गावकरी मृत्युमुखी पडले. बंदीने पक्ष्यांचे भले होईल असा समज होता. पण सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले ते निराळेच: म्हशी चरेनाशा झाल्यावर पाण्यात गवत माजले आणि अनेक पाणपक्ष्यांना उघडे पाणी उरले नाही. ज्यांना अरण्याचे शत्रू ठरवले, त्यांची गुरे अरण्याचेच काम करीत होती.

प्रामाणिक रिकामी नोंद एवढी उपयोगी पडते. याउलट, दिसल्याची खोटी नोंद किती अनर्थ करते, याचे उदाहरण रानपिंगळ्याच्या शोधात सापडते. ठेंगण्या बांध्याचे हे घुबड १८८४ नंतर कोणाच्या हाती लागले नव्हते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने मात्र १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे एक नमुना मिळवल्याचे सांगितले. शोधकर्ते त्या पत्त्यावर भटकत राहिले. पॅमेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील नमुने तपासले तेव्हा उलगडले की हा नमुना चोरून पुन्हा भरलेला होता. तो मुळात खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात मिळवला होता. खोटा पत्ता बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सागवनात त्यांना रानपिंगळा दिसला. तोही भर दिवसा, कारण हे घुबड दिवसाच वावरते. पुढे मेळघाटात, आणि २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो आढळला.

तेव्हा सहलीस निघताना वहीत प्रथम दिनांक, वेळ, ठिकाण आणि पाण्याची पातळी लिहावी. जो पक्षी शोधला आणि दिसला नाही, त्याच्या नावापुढे जागा कोरी न ठेवता शून्य मांडावे, कारण कोऱ्या जागेवरून तो शोधला गेला की नाही हे पुढच्या वाचणाऱ्याला कळत नाही. जेथे ओळख पटली नाही तेथे तसेच लिहावे. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत स्वयंसेवकांचे हेच साधे काम असते. भरतपुरात जाणाऱ्याने सायकलरिक्षा ओढणाऱ्यांना अवश्य विचारावे. त्यांच्यापैकी अनेकजण पक्षी दाखवण्यात तरबेज आहेत, आणि कालच्या पाण्यावर काय होते व आज काय नाही, हे ते नेमके सांगतात.