न हसणारा विदूषक : बस्टर कीटन

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, बृहन्महाराष्ट्रातील मराठी समाज असे भारदस्त विषय होऊन गेले. त्यांच्या पंक्तीला एका अमेरिकन विदूषकाचे पान मांडावे, ही आमची विनंती कार्यकारिणीने मान्य केली, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत.

मूकपटातील विनोद म्हटला की आपल्यापुढे चार्ली चॅप्लिन उभा राहतो, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु त्याच काळात, त्याच हॉलिवुडात, चपट्या टोपीचा आणि दगडासारख्या निर्विकार चेहऱ्याचा आणखी एक कलावंत वावरत होता. चॅप्लिन प्रेक्षकांकडे पाहून हसे आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीही आणी. बस्टर कीटनने यांपैकी काहीच केले नाही. घर कोसळो, आगगाडी अंगावर येवो, तो फक्त पाहत राही व पुढच्या उद्योगाला लागे. आम्हाला तो चॅप्लिनहून तसूभरही कमी वाटत नाही. येथील काही ज्येष्ठ सभासदांना हे मत पटणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे.

त्याचा जन्म 4 ऑक्टोबर 1895 रोजी कॅन्सस संस्थानातील पिक्वा या खेड्यात झाला. संस्थान म्हणजे अर्थातच अमेरिकेच्या संघराज्यातील एक राज्य. आईबाप फिरत्या खेळांतले नट, म्हणजे जन्मगाव हे केवळ मुक्कामाचे गाव. मूळ नाव जोसेफ. लहानपणी जिन्यावरून गडगडत येऊनही तो धडधाकट राहिला, तेव्हा हूदिनी या विख्यात जादूगाराने त्याला ‘बस्टर’ म्हटले, अशी आख्यायिका आहे. खरे असो वा नसो, पडणे हाच त्याचा पुढे चरितार्थ झाला. ‘थ्री कीटन्स’ या नावाने बाप, आई आणि मुलगा रंगभूमीवर येत. मुलाने बापाची खोडी काढावी आणि बापाने त्याला उचलून नेपथ्यावर, कधी वाद्यवृंदाच्या खड्ड्यात भिरकावून द्यावे, असा तो खेळ होता. उचलणे सोपे जावे म्हणून पोराच्या अंगरख्याला पाठीवर बॅगेची मूठ शिवलेली असे. बालकांचा छळ थांबविणाऱ्या न्यूयॉर्कच्या संस्थेने त्यांच्यामागे वारंवार ससेमिरा लावला. याच वयात मुलाला एक मर्म उमगले : आपण पडून हसलो तर लोक हसत नाहीत, आपण गंभीर राहिलो तर ते पोट धरून हसतात. त्याचा तो जगप्रसिद्ध चेहरा असा मार खाताखाता घडला आहे.

बापाचे दारूचे व्यसन वाढले, फेकण्याचा नेम चुकू लागला, आणि 1917 साली हा खेळ मोडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये रॉस्को आर्बकल या स्थूलदेही विनोदी नटाने त्याला आपल्या चित्रशाळेत नेले. कीटनने तेथे पहिले काम कोणते केले, तर कॅमेरा खोलून त्याची चाके व दाते समजून घेतले. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तो नट होता त्याहून अधिक तो यंत्रज्ञ होता. 1918 साली सैन्यातून फ्रान्सला जाऊन तो परतला तो कानाच्या विकाराने श्रवणशक्ती मंदावून. 1920 साली जोसेफ शेंक या निर्मात्याने त्याच्यासाठी स्वतंत्र चित्रशाळा उभी केली आणि पुढील आठ वर्षे या माणसाने जे निर्माण केले, त्याला तोड नाही.

त्या चित्रशाळेत लिखित पटकथा अशी नसेच. आरंभ ठरे, शेवट ठरे. मधले सारे काम करता करता सुचे. अडले की मंडळी बेसबॉल खेळत आणि सुचले की पुन्हा कॅमेरा सुरू. ‘शेरलॉक ज्युनियर’ (1924) मध्ये पाण्याच्या टाकीच्या नळाला तो लोंबकळतो आणि पाण्याचा लोट त्याला रुळांवर आपटतो. त्या आपटण्यात त्याच्या मानेचे हाड मोडले होते. डोके दुखते एवढेच त्याला तेव्हा जाणवले. अस्थिभंग अनेक वर्षांनी क्ष-किरणांच्या छायाचित्रात दिसून आला. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (1928) मध्ये वादळात घराची सुमारे दोन टनांची दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि माळ्याच्या उघड्या खिडकीच्या चौकटीतून तो जिवंत राहतो. खांद्यांच्या दोन्ही बाजूंना काही इंचांचीच मोकळीक होती. येथे छायाचित्रणाची हातचलाखी नाही; भिंतही खरी आणि माणूसही खरा.

‘द जनरल’ (1926) ही त्याची सर्वात लाडकी कृती. अमेरिकन यादवी युद्धात 1862 साली घडलेल्या इंजिन-अपहरणाच्या सत्य घटनेवर ती आधारलेली आहे. ओरेगॉनमधील कॉटेज ग्रोव्ह येथे, 23 जुलै 1926 रोजी, एक खरे इंजिन जळत्या पुलावर घालून नदीत पाडण्यात आले. एकदाच पाडायचे; दुसरी संधी नाही. मूकपटांच्या काळातील सर्वाधिक खर्चाच्या दृश्यांत त्याची गणना होते. ते इंजिन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भंगारात निघेपर्यंत त्या नदीपात्रातच पडून होते. प्रेक्षकांनी आणि टीकाकारांनी मात्र चित्रपट नाकारला, आणि खर्चाच्या मानाने उत्पन्न झाले नाही.

येथून त्याच्या दुर्दैवाचा प्रारंभ होतो. चॅप्लिन आणि हॅरल्ड लॉइड हे आपापल्या चित्रपटांचे मालक होते. कीटनच्या नावाने चालणाऱ्या कंपनीत खुद्द कीटनचा भाग नव्हता. शेंक हा त्याचा मालक आणि साडूही, कारण दोघांच्या बायका, नॉर्मा आणि नॅटली टालमेज, सख्ख्या बहिणी. घरचाच माणूस व्यवहार पाहतो, मग कागद कशाला वाचायचा? आपल्याकडील एकत्र कुटुंबांतही ही कथा नवीन नाही. 1928 साली शेंकने चित्रशाळा बंद केली आणि त्याला मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य कंपनीच्या हवाली केले. चॅप्लिन व लॉइड या दोघांनीही जाऊ नकोस म्हणून बजावले होते. आठवड्याला 3,000 डॉलर वेतनावर तो गेला. पुढे याच निर्णयाला त्याने आयुष्यातील सर्वात मोठी चूक म्हटले.

त्या कंपनीत प्रत्येक दृश्य आधी कागदावर लिहून मंजूर व्हावे लागे. आम्ही सरकारी नोकरीत केस पांढरे केलेली माणसे. टिप्पणी, मंजुरी व प्रतिस्वाक्षरी यांचे महत्त्व आम्हाला कोणी शिकवायला नको, आणि सार्वजनिक पैशाच्या बाबतीत ते सोडावे असेही आम्ही म्हणणार नाही. पण पाय घसरून पडण्याला पूर्वमंजुरी कशी घ्यावी? पहिला चित्रपट, ‘द कॅमेरामन’ (1928), उत्तम उतरला, कारण त्यात त्याचे थोडेतरी चालले. मग बोलपट आले. तोंडी पाल्हाळिक संवाद, भूमिका गबाळ्या मूर्खाची, जोडीला जिमी ड्युरँटसारखा अखंड बडबडणारा नट. परदेशी आवृत्त्यांसाठी न समजणाऱ्या भाषांतली वाक्ये पाठ करून म्हणावी लागत ती वेगळीच. दैवाची थट्टा अशी की हे सुमार चित्रपट चांगले चालले! तेव्हा कंपनीने त्याचे का ऐकावे?

बापाचा वारसा आता मुलाकडे आला. दारूने त्याला ग्रासले. 1932 साली घटस्फोट झाला. घर गेले, आणि दोन्ही मुलांचे आडनावही बदलून टालमेज करण्यात आले. 1933 साली कंपनीने त्याला काढून टाकले. व्यसनमुक्तीसाठी रुग्णालयात त्याला हातपाय बांधणारा अंगरखा घालून ठेवावे लागले, इथवर पाळी आली. पुढे ज्या कंपनीने त्याला काढले, तिच्याच दारी तो अल्प वेतनावर इतरांसाठी विनोद सुचविणारा कामगार म्हणून परतला. मार्क्स बंधू, रेड स्केल्टन यांना तो विनोद पुरवी. याविषयी त्याने मोठी कुरकुर केल्याचे दिसत नाही. 1940 साली एलिनॉर नॉरिस या एकवीस वर्षांच्या नर्तिकेशी त्याने विवाह केला. हा विवाह टिकणार नाही असे अनेकांनी भाकीत केले. तो त्याच्या मृत्यूपर्यंत टिकला, आणि त्याला सावरले ते तिनेच.

येथे दादासाहेब फाळके यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेही एक कुशल कारागीर; कॅमेरा, रसायने, छिद्रे पाडण्याचे यंत्र सारे स्वतः हाताळणारे. त्यांचा ‘सेतुबंधन’ 1932 साली मूकपट म्हणून तयार झाला तोवर ‘आलम आरा’ येऊन गेला होता, आणि त्यावर मागाहून आवाज चढविण्याची वेळ आली. ‘गंगावतरण’ (1937) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. 1944 साली नाशिकला ते विपन्नावस्थेत निवर्तले. आमच्या मूकपटांच्या फिती बहुतांशी जळाल्या, कुजल्या किंवा चांदीसाठी वितळविल्या गेल्या. 1964 साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तेव्हा वेचायला थोडेच उरले होते. कीटन या बाबतीत सुदैवी ठरला. त्याचा जुना प्रासाद पुढे ब्रिटिश नट जेम्स मेसनने घेतला, आणि तेथे विसरलेल्या डब्यांत त्याच्या चित्रपटांच्या प्रती सापडल्या. नायट्रेटची फित ती. आणखी काही वर्षांनी हाती राखच आली असती.

तत्पूर्वीच, 1949 साली, जेम्स एजी या लेखकाने ‘लाइफ’ साप्ताहिकातील लेखातून अमेरिकेला त्याची आठवण करून दिली होती. 1952 साली चॅप्लिनने ‘लाइमलाइट’मध्ये त्याला घेतले आणि ते दोघे पडद्यावर एकत्र दिसले. 1960 साली त्याला सन्माननीय ऑस्कर मिळाले. सप्टेंबर 1965 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा गजर केला, आणि 1 फेब्रुवारी 1966 रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. 1989 साली अमेरिकेने जतनासाठी जी पहिली पंचवीस चित्रपटांची राष्ट्रीय सूची केली, तिच्यात नाकारला गेलेला ‘द जनरल’ होता.

आता चहापानानंतर याच सभागृहात तो दाखविण्यात येणार आहे. बालगोपाळांना पुढे बसवावे. भाषेची अडचण त्यांना मुळीच येणार नाही. पूल कोसळून इंजिन नदीत जाते, तेव्हा सगळ्यांच्या नजरा इंजिनाकडे लागतात. ते आपण पाहालच. परंतु पूल भक्कम आहे असे सांगून ज्याने गाडी पुढे घालण्याचा हुकूम दिला, त्या सेनाधिकाऱ्याच्या चेहऱ्याकडे लगेच लक्ष द्यावे. आमच्यासारख्या अधिकारीवर्गाने तर अवश्य द्यावे.